वस्तादांनी न चोळलेला पाय

मंडळी, कामावरनं थेट आलात, अंगावर अजून कापूस आहे. मला बोलायला उभं केलंत खरं, पण भाषण काही येत नाही. सांभाळून घ्या.

धोंडूवस्ताद गेले. करी रोडच्या आपल्या तालमीत पोरांना घडवणारे. निम्म्या गिरणगावाचे हातपाय चोळणारे. त्यांनी कुणाचा पाय चोळला नाही? माझा! फक्त माझा नाही चोळला.

दोन वर्षांमागे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात माझ्या गुडघ्यावर लाठी बसली. आठवडाभर खोलीत पडून होतो. मग पोटरी सुजली, टम्म. सगळे म्हणाले, मुका मार आहे, वस्तादांना बोलवा. ते आले, तेल कोमट केलं, दोन्ही पोटऱ्यांवरनं पालथा हात फिरवला. आणि थांबले. "ह्याला कुणी बोट लावायचं नाही. इस्पितळात न्या." मी चिडलो. म्हटलं, "वस्ताद, साऱ्या चाळीचे पाय चोळता, माझंच काय वावडं?" "गप रे!" एवढंच म्हणाले.

परळच्या डॉक्टरांनी टेपनं दोन्ही पोटऱ्या मोजल्या. म्हणाले, आतल्या शिरेत रक्ताची गाठ अडकलीय. मी पडलो चौकस. विचारलं, चोळून विरघळली नसती का? डॉक्टर म्हणाले, "सुटून फुप्फुसात गेली असती. मग आज आपण बोलत नसतो." कॉटच्या पायथ्याखाली विटा लावल्या, रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शनं दिली. रोज थोडं रक्त काढून ते गोठायला किती वेळ लागतो, तेही बघायचे. सूज उतरल्यावर पट्टी बांधून घरी धाडलं.

पण माझ्या डोक्यात एकच भुंगा. डॉक्टर शिकलेले, त्यांना कळलं. वस्तादांना कसं कळलं? तालमीत विचारलं, चहा पाजून विचारलं. "तुला रे कशाला नसत्या चौकशा?" म्हणायचे.

गेल्या आठवड्यात त्यांच्या उशाशी बसलो होतो. आपणहून बोलले. "माझा धाकटा भाऊ, शिवा. त्याचा पाय असाच सुजला होता. मीच चोळला, जीव लावून. चोळता चोळता त्याला धाप लागली, माझ्या मांडीवर गेला. लोक म्हणाले, वेळ आली होती. माझ्या हाताला ठाऊक होतं." मग म्हणाले, "आता सगळ्यांना सांग."

वहिनी, एवढी वर्षं वस्तादांचा संसार केलात, तुम्हालाही हे ठाऊक नव्हतं ना? रडू नका. मलाही रडू येतंय.

म्हणून सांगतो, मंडळी. एकच पोटरी अशी सुजली, तापली, तर चोळू नका. इस्पितळ गाठा.

आता उभे राहा. दोन मिनिटं गप्प राहू. वस्तादांसाठी. आणि शिवासाठीही. त्याच्यासाठी कुणी सभा घेतली नव्हती.