खालची बाई काय करतेय

नाही सर, थांबा. ते वाक्य परत म्हणू नका. आत्ता माझी ओळख करून देताना म्हणालात तेवढं पुरे. मंदारच्या शोकसभेत माझं कौतुक कशाला?

काकू, ताई, कॉलेजची सगळी मंडळी. एवढे जण आलात. पंचवटीतनं, सिन्नरहून. मला बोलणं जड जातंय. पण रडू येतंय म्हणून नाही. मला मंदारचा हेवा वाटतो. डेंग्यूनं आठ दिवसांत गेला, अठ्ठाविसाव्या वर्षी. तरी वाटतो. आजही वाटतो.

मी आणि मंदार मिळून वेबसाइट बनवायचो. त्यातली ती एक तुम्हा सगळ्यांना माहितीये. बिनपायलटची विमानं उडवणारी लष्कराची तुकडी. तिच्यात पोरांनी भरती व्हावं म्हणून मेजरसाहेबांना नमुना हवा होता. मंदारची कल्पना अशी, की साइट उघडली की पोरगं थेट ऑपरेटरच्या खुर्चीत. समोर पडदा, कानात घरघर, हातात माउस. माउस हलवला की खालची जमीन सरकते. चित्र त्याचं, आवाज त्याचा. शब्द माझे. असं ठरलं होतं.

आता वरनं फोटो कुठनं आणायचे? मंदारनं संक्रांतीचा मोठ्ठा पतंग काढला, एप्रिलात. त्याला डिजिटल कॅमेरा बांधला, टायमर लावला. टायमर दहा सेकंदांचा. दहा सेकंदांत पतंग किती चढणार? आम्हाला गोदावरी हवी होती. प्रत्येक फोटोत त्याचीच गच्ची. आणि गच्चीवर काकू, कुरडया घालताना.

काकू, तुम्ही काय म्हणाला होतात आठवतंय? "मेल्या, सगळ्या मिलिटरीला माझा गाऊन दाखवणार होय? साडी तरी नेसू द्यायचीस."

इकडे मी लिहीत होतो. आकाश, शौर्य, गरुड. चौदा खर्डे. मंदार रोज विचारायचा, "लेखकराव, झालं का?" मी म्हणायचो, "चांगलं लिहायला वेळ लागतो." त्याला वेळ नव्हता. माझ्या मजकुराची जागा रिकामी दिसू नये म्हणून त्यानं तिथं सुचेल ते टाइप केलं. आम्ही नेहमीच असं करायचो. खरा मजकूर आला की काढून टाकायचं. माझा आला नाही. आणि सीडी तशीच छावणीत गेली.

पडद्यावर गच्ची. बरीच वरनं दिसतेय असं वाटावं म्हणून त्यानं धूसर केलेली. फोटो एकामागून एक लावलेले, म्हणून एक ठिपका हलतोय, भोवती पांढरी वर्तुळं. आणि खाली अक्षरं:

"खालची बाई काय करतेय? ओळखलंस तर ये."

मेजरसाहेबांशेजारचा तरुण ऑफिसर म्हणाला, "सर, विमानाला खुणा करतेय."

साहेबांनी मंदारला विचारलं, "क्या कर रही है?"

"कुरडया घालतेय, सर. आई आहे माझी."

कुणीच हसलं नाही. साहेबांनी माउस हलवून ती बाई पडद्याच्या मधोमध आणली. मग म्हणाले, "यही चाहिए. किसने लिखा?"

मंदारनं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. त्याला वाटलं असेल, हा सांगेल.

मी म्हणालो, "मैंने, सर."

हो. मीच म्हणालो. मंदार बाहेर गाडीला किक मारताना एवढंच म्हणाला, "लेखकराव, आजचा चहा तुझ्याकडे." मी पाजला. बस.

पुढचं तुम्हाला माहिती आहे. पेपरात नाव आलं. दिवाळी अंकानं कथा मागितली. सर, तुम्ही मला कॉलेजात बोलावलंत, विषय होता 'कमी शब्दांत लिहिणं'. मी तासभर बोललो. मंदार मागच्या बाकावर बसून शेंगा खात होता.

मला वाटायचं, एकदा तरी हा भांडेल. एकदा तरी म्हणेल, चोरा. म्हटलं असतं तर मी मोकळा झालो असतो. पण नाही. त्याच्याकडे अशी वाक्यं पडून होती, तो जागा भरायला वापरायचा. माझ्याकडे एक होतं, तेही त्याचं. ह्याचा हेवा वाटणार नाही तर कशाचा?

त्यानंतर माझ्या किती कथा आल्या. कुणाला एक तरी ओळ आठवते? सांगा ना.

आणि आज हा फ्लेक्स. मधे त्याचा फोटो, खाली ते वाक्य, वाक्याखाली माझं नाव. काकू, कालच छापून आला होता. मला दाखवला. मी म्हणालो, छान झालंय. कालसुद्धा, काकू.

हा मार्कर आहे. माझं नाव मी खोडतोय. त्याचं लिहीत नाही, ते तुम्ही लिहा काकू. माझ्या अक्षरात नको.

झालं. आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं, डोळे मिटून. मंदार, आजचा चहा माझ्याकडेच राहिला रे.

काकू, तुम्हीही मिटा. तुम्ही डोळे उघडाल तेव्हा मी इथं नसेन.