मुलांच्या कर्करोगाला हातभार

हसा तुम्ही, पण तो बॅनर मीच लिहिला होता. जोगेश्वरीला माझ्या मेव्हण्याचं, सुधीरचं, मालवणी हॉटेल आहे ना, तिथली एका रविवारची सगळी कमाई लहान मुलांच्या कर्करोगावरच्या संशोधनाला द्यायची ठरली. मजकूर माझ्याकडे आला, कारण घरात मराठी म्हणे माझं चांगलं.

दुपारचा एक वाजला तरी गिऱ्हाईक नाही. लोक यायचे, बॅनर वाचायचे आणि पुढे निघून जायचे. शेवटी मी बाहेर जाऊन वाचला. 'आमच्याकडे जेवा आणि लहान मुलांच्या कर्करोगाला हातभार लावा.' 'संशोधन' हा शब्दच मी खाल्ला होता.

सुधीर म्हणाला, "भावोजी, उतरवा तो आधी."

मी स्टुलावर चढून दोरी सोडतोय, तेवढ्यात एक बाई आल्या, सोबत नऊ-दहा वर्षांची मुलगी. मुलीच्या डोक्यावर नुकते उगवलेले, बोटभरही नसलेले केस. मी हाताने अक्षरं झाकायला गेलो, तोवर पोरीने सगळं मोठ्याने वाचूनही टाकलं.

"ताई, चूक झाली हो," मी म्हटलं.

बाई अशा हसत सुटल्या की डोळे पुसावे लागले. म्हणाल्या, "मागच्याच महिन्यात तिची औषधं बंद झाली. डॉक्टर म्हणाले, बरी आहे."

तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

पोरगी मात्र माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "काका, माझा हातभार लावून झालाय. आता कोंबडी-वडे द्या."