गॅप का पडला?

ऐका तर. चौक गावच्या बुद्धविहारात दर रविवारी काही मंडळी बेकार पोरांकडून फुकट मुलाखतीची तालीम करून घेतात. एका रविवारी मीही गेलो; दुसऱ्याच दिवशी माझी कंपनीत खरी मुलाखत होती. भिवपुरीचे रिटायर गायकवाड काका साहेब होऊन बसले.

“कामात गॅप का पडला?” काकांनी दरडावलं.

मी गॅरेजवाला. म्हटलं, “गॅप गाडीच्या प्लगला असतो, सायेब. सेट करून देऊ?”

पोरं खिदळली.

“प्लगचा नाय रं, तुझा गॅप! गॅरेज सोडून घरी का बसलास?”

“दादासंगं करायचो. दादा वारला. आता पाना हातात घेतला की रडू येतं.”

काका चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

म्हटलं, “काका, उद्याचा सायेब असा रडणार नाय. पयले तुमी नीट तालीम करा!”