जेलवालीच्या हातात आमचे रिपोर्ट

...अन् वरून मलेच म्हणतेत, "बंडूजी, तुमी त्या जेलवालीची बाजू काऊन घेऊन राह्यले?" आता घेऊ नाई तं काय करू? तुमाले सांगतो, देवळीत माही चहाची टपरी, समोर डॉक्टर अच्युतरावांची रक्त तपासायची लॅब, अन् काउंटरवर मोहिनीताई. कोणाची शुगर वाढली, कोणाले कावीळ झाली, कोणाच्या सुनेले दिवस गेले, साऱ्या गावाचं आतलं सारं तिच्या कंप्युटरात! अन् तोंडातून? चकार शब्द नाई बाप्पा! मी आपलं सहज इचारतो, "ताई, अनुसयाबाई येऊन गेल्या, काय निघालं व?" तं म्हणते, "बंडूजी, तुमचं दूध उतू चाल्लं." संपला विषय! अशी बाई... पण जेलात जाऊन आली ना ते!

काऊन गेलती, हे बी ऐका. तिची धाकटी बहीण कारंज्याले देली होती. जावई रोज पिऊन झोडपे तिले. एक दिवस मोहिनीताई भेटाले गेली, तं हा गडी बहिणीच्या झिंज्या धरून अंगणात फरफटत नेऊन राह्यलता. समोर खलबत्ता. बत्ता उचलला अन् हाणला! डोकं फुटलं, केस झाली. कोर्टात इचारलं, "तुम्ही मारलं का?" तं म्हणते, "हो जी, मारलं." वकिलानं कपाळावर हात मारला! सजा झाली, भोगली, बाहेर आली, अन् नोकरी मागाले गेली तं पयलेच डॉक्टरले सांगून टाकलं, "साहेब, मी जेलातून आली. चालन का?" डॉक्टर म्हणे, "तुम्ही लपवलं नाही, एवढं मला पुरे." बसवली काउंटरवर.

आता तुमी म्हणसान, मंग चोराच्या हातात तिजोरी द्यायची का? नाई ना जी! ज्यानं लोकायचे कागद विकले त्याले कागदाइपाशी बसवूच नका, मीच म्हणतो! पण बाईनं डोकं फोडलं, रिपोर्ट नाई फोडला! कोणता गुन्हा, कोणतं काम, कायी ताळमेळ पाहसान का नाई?

पण नाई. प्रभाकररावाइले कोण सांगन! सोसायटीचे माजी अध्यक्ष, कडक इस्तरीचा शर्ट, गावात कोणाचंबी लग्न असो, हे पयल्या खुर्चीवर. त्याइच्या पोराचं, आदेशचं लग्न वर्षालीसंग जुळून राह्यलतं. वर्षाली म्हणजे बोरगाव मेघेची पोट्टी, इथं देवळीत शाळेवर मास्तरीण. आता आपल्या भागात सिकलसेल हाये, रक्ताची बिमारी, मायबापाकडून लेकराले येते, म्हणून लग्नाआधी रक्त तपासाव, हे त्या हुशार पोट्टीले माहीत. आली, रक्त देऊन गेली. अन् प्रभाकररावानं माह्याच टपरीवर चहा पेता पेता तिले लॅबातून निंघताना पाह्यलं!

पुढचं तवा आमाले कोणालेच माहीत नोतं, मांगून समजलं. हे महाशय दुसऱ्या दिवशी काउंटरवर गेले अन् गोड आवाजात म्हणे, "मोहिनीताई, आपल्या घरचंच समजा... त्या वर्षालीचा रिपोर्ट जरासा दाखवता का?"

"कोणाचा रिपोर्ट जी?"

"अवं, काल आलती ना ते!"

"काल कोण आलतं, मले आठवत नाई. तुमाले तपासणी करायची असन तं बसा, बाही वर करा."

बाही वर करा! प्रभाकररावाइले! गेला माणूस तणतणत, तिच्या बहिणीच्या गावाले, कारंज्याले जाऊन सारी चौकशी करून आला, अन् चार टाळकी घेऊन लॅबसमोर हजर. "डॉक्टर! जेलात जाऊन आलेल्या बाईच्या हातात आमच्या मायबहिणीइचे रिपोर्ट? काय भरवसा?" झालं! गर्दी जमली. ज्याइचे रिपोर्ट तिनं आजवर पोटात ठेवले तेच ओरडाले लागले, "काहाडा तिले! काहाडा!" डॉक्टर म्हणजे भला माणूस, पण कणा पापडाचा. "मोहिनीताई, लोकांच्या भावना... तुम्ही समजून घ्या..."

ताई बाहेर आली. पायरीवर उभी राह्यली, पदर खोसला अन् म्हणे, "मी डोकं फोडलं, जेल भोगली, कोणापासून लपवलं नाई. आता ज्याचा कोणाचा रिपोर्ट माह्या तोंडून बाहेर पडला असन, त्यानं हात वर कराव!"

एक हात नाई वर झाला, तुमाले सांगतो! मंग प्रभाकररावच खेकसले, "मंग आमी काऊन आलो इथं? आमाले काय याड लागलं?"

तिनं पाह्यलं त्याइच्याकडं. असं पाह्यलं, असं पाह्यलं... ओठ हालले. मले वाटलं, आता कायतरी फटाका फुटते! एका शब्दात तिनं त्याइचं सारं उघडं पाडलं असतं. पण ते सांगाव तं वर्षालीनं रक्त तपासलं हे बी साऱ्या गावाले कळते ना! अन् मंग त्या पोट्टीच्या मांगं जिभा लागतेत. ताईनं ओठ मिटले, पिशवी उचलली, चपला घातल्या, चाल्ली गेली. नोकरी गेली, तोंड नाई उघडलं! अन् गर्दी काय म्हणते? "पाह्यलं? बोलती बंद झाली! जेलात जाऊन आली ना ते!"

तिच्या जागी आला प्रफुल. पोलिस स्टेशनातून चांगल्या चालचलनाचा दाखला आणलेला, कपाळाले गंध, बोलणं लोण्यासारखं. अन् आठवडाबी नाई झाला, तं वर्षालीचा रिपोर्ट प्रभाकररावाइच्या मोबाइलवर! त्यात काय होतं? वाहक. म्हणजे बिमारी नाई जी, पोट्टी धडधाकट, फक्त नवरदेवाचंबी रक्त तपासून घ्याव, एवढंच! पण तिच्या घरी निरोप गेला, "रिपोर्ट मोबाइलवर पाह्यला, पोरीत खोट हाये, लग्न नाई."

वर्षाली आली ना तणाणत! लॅबात डॉक्टर, बाकावर शुगर तपासाले आलेले प्रभाकरराव, अन् मी चहा घेऊन नेमका दारात. वर्षाली प्रभाकररावाइले म्हणे, "माझा रिपोर्ट मीच अजून नेला नाही, तुमच्या मोबाइलवर कसा आला?"

अन् रागारागात प्रभाकरराव काय बोलले? म्हणे, "त्या जेलवालीले मागतला तं तिनं नाई देला, म्हणून प्रफुलले मागाव लागला!"

प्रफुल टेबलाखाली कायतरी शोधाले लागला. डॉक्टर बसलेच खुर्चीत. अन् वर्षाली म्हणे, "बरं झालं मोडलं. अशा घरात जायचंच नाही मला."

संध्याकाळी डॉक्टर सोता गेले मोहिनीताईच्या घरी. "चुकलो. परत या." ताई म्हणे, "येतो. पण लपूनछपून नाई. ज्या पायरीवरून काहाडलं, तिथंच साऱ्याइसमोर सांगा, की मी जेलात जाऊन आली, अन् मीच बसन काउंटरवर. ज्याले नाई पटलं त्यानं वर्ध्याले जाऊन रक्त तपासाव." अन् सांगावच लागलं डॉक्टरले! वर्षालीबी आलती आयकाले, पयल्या ओळीत उभी.

आता तुमी म्हणसान, चला, न्याय झाला. हो, झाला. अन् प्रफुलचं काय झालं? अजी, डॉक्टरनं काहाडला, पण तक्रार कोणीच नाई केली; त्याले तं पुढच्याच महिन्यात बसस्टँडपाशी ऑनलाइन सेंटरवर नोकरी लागली. आधार, पासबुक, सातबारा, साऱ्या गावाचे आंगठे आता त्याच्यापाशी. काल मीबी देऊन आलो... काय करता बाप्पा, त्याचं रेकॉर्ड साफ हाये!