रिकामा डबा

निपाणी स्टँडवर सदलग्याच्या बसची वाट बघत होतो. मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

"अंबाक्का, दोन महिनं झालं, आमच्या गल्लीतनं यायचंच सोडलासा?"

"तुझा डबा ऱ्हायलाय माझ्याकडं, रत्ना. ह्या पिशवीत घिऊनच हिंडते."

"मग काय झालं?"

"रिकामा कसा परत देऊ? लाडू केलं, करंज्या केल्या. पण माझ्या आपरेशनात एकवीस दिवस जेवण आणलंस तू. त्याच्याफुडं समदं कमीच वाटतंय."

"मग रिकामाच द्या."

"असं कोण देतंय व्हय?"

"मी गेलते की तशीच, येशूकडं. आधी काय तरी चांगलं करावं, मग जावं, म्हणून लई वरसं थांबलेले. हातनं कायच हुईना. शेवटी रिकामीच गेले. त्यानं तशीच पदरात घेतली."

"त्येच तर. तू चर्चला जायाला लागलीस तवा नळावर तुझी भरलेली घागर कुणी वतली, ठाऊक हाय?"

"हाय की."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? दारातच हुभी हुते मी."

"म्हंजे पयला डबा आणलास, तवा…"

"ठाऊकच हुतं."

बस लागली.

"चला, अंबाक्का."

"तू हो फुडं. मी मागच्या बसनं येते."

"बरं. डबा तेवढा द्या."

पिशवीची चेन उघडायला तिला बराच वेळ लागला.