पिंपळाखालचा डबा

थाटीपुरात शेअर टेम्पोची वाट बघताना मंदाताईंना शेजारच्या दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"अपूर्व, बागेतल्या पिंपळाखालचा डबा गायब आहे."

"अगं तन्वी, जीपीएस कधीकधी दहा पावलं चुकतं."

"मीच लपवलेला डबा शोधायला मला कशाला जीपीएस?"

"मग नेला कोणी? वहीत नाव लिहायचं, एक वस्तू घ्यायची, बदल्यात एक ठेवायची, अन् डबा परत जागेवर. इतना तो सबको पता है."

"हा डबे शोधायचा खेळ खेळणाऱ्यांना. बाकीच्यांना वाटणार, कुणीतरी विसरून गेलंय."

"होतं काय आत?"

"वही, पेन्सिल आणि एक शिट्टी. रविवारी एक जण झांशीहून खास तो शोधायला येतोय."

"तो नया रख दे ना."

"त्या वहीत तेवीस जणांची नावं आहेत. ती कुठून आणू?"

टेम्पो आला. मंदाताई चढल्या नाहीत.

"बेटा, वही आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "शिट्टी काही नातू परत देणार नाही, बदल्यात दुसरं काहीतरी ठेवते. पण डब्यात महिनाभर हिंग होता. तुमच्या नियमात वास चालतो का?"