लतीफच्या उशाशी पुरलेला पाना

आमचं गाव खाडीच्या काठाला, ताई. मागच्या दारातून पाय टाकला की चिखल, आणि चिखलात बापसाची होडी. बापूस मासे मारायचा, मी पण तेच केलं असतं, पण मला लहानपणापासून लोखंडाची आवड, नट दिसला की खिशात, बोल्ट दिसला की खिशात, आईस ओरडायची खिसे फाटले म्हणून. मग मुंबईला गोदीत फिटरचं काम शिकलो, तिथून एजंटाने सौदीला धाडला. तेव्हा तिकडे तेलाचे दिवस होते, जिकडे बघावं तिकडे पाइपलाइन, माणसं कमी पडत होती. मला राबिघला टाकला, जेद्दाच्या वरचं गाव ते. एका खोलीत आठ जण. समुद्र होता समोर, पण त्याला आपल्या खाडीचा वास नाय.

लतीफ आमच्या शेजारचा, हलीमाचाचीचा एकुलता एक. त्याला मी नेला, हे आधीच सांगून टाकतो, कोणी नेला म्हणून नंतर विचारू नका. व्हिसा मी मिळवला, विमानतळावर घ्यायला मीच गेलो. सुट्टीवरून निघताना चाचीने पडवीत माझा हात धरला, बोलली, इब्राहिम, तू नेतोस, तूच परत आणून दे. मी हसलो, बोललो, आणतो की चाची, चांगला जाडा करून आणतो. कशाला बोललो तसं, काय सांगू तुम्हाला.

आता मशीनचं सांगतो, त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाय. माझ्याकडे एक मशीन होतं, लांब दांडा, खाली थाळी, कानाला लावायचा हेडफोन. जमिनीखाली लोखंड असलं की कानात शिट्टी वाजायची. खणायच्या आधी जुने पाइप कुठनं गेलेत ते शोधून मी चुन्याने खूण करायची, मग खणणारे यायचे. लतीफ चिडवायचा, इब्राहिमभाई, ती थाळी जरा माझ्या खिशावर धरा, पगारातलं काय उरलंय काय ते बघा. हसरं पोर. पण त्या मशीनचे कायदे लय कडक. मशीन कंपनीचं, जमीन सरकारची, आणि जमिनीखाली जुनंपुरानं जे असेल ते पण सरकारचं. प्रत्येक कामाला कागद लागायचा, तसरीह म्हणायचे त्याला, अमक्या खांबापासून तमक्या खांबापर्यंत. त्याच्यापुढे एक पाऊल नाय. केरळचा एक इलेक्ट्रिशियन होता, त्याचं घड्याळ किनाऱ्यावर पडलं, शुक्रवारी न विचारता मशीन घेऊन गेला शोधायला. पोलिसांनी धरला. आठ दिवसांत घरी. घड्याळापायी नोकरी गेली.

लतीफ गेला तो दुपारी. पाणी द्या बोलला, मी पाणी आणेपर्यंत खाली बसला, बसला तो बसलाच. डॉक्टर बोलला उन्हामुळे हृदय थांबलं. चोवीस वर्षांचं हृदय हो. मय्यत गावी पाठवायला महिने लागले असते, म्हणून तिथेच राबिघच्या बाहेर, मदिनेच्या रस्त्याला लागून कबरस्तान आहे तिथे ठेवला. तिकडे कबरीवर नाव लिहीत नाय, उशाला एक साधा दगड, बस. मी विचार केला, दगड काय, वाऱ्याने वाळू आली की गेला. म्हणून मी एक अक्कल लढवली. त्याचाच पाना होता, रोज हातात असायचा तो, प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाहीत लपवला, आणि सगळे माती देत होते तेव्हा उशाशी वीतभर खाली सारला. कोणाला कळलं नाय. मला वाटलं, दगड गेला तरी माझं मशीन त्याला शोधील. मी फार हुशार ना.

दोन वर्षं गेली. मग चाचीचं पत्र आलं, शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. हजला येतेय, भावाबरोबर, जहाजाने. बायकांना कबरस्तानात सोडत नाय हे मला ठाऊक आहे, बस मध्ये थांबणार नाय हे पण ठाऊक आहे. पण मदिनेला जाताना, तू कळवलेलास तोच रस्ता आहे ना. तू त्याच्या उशाशी उभा राहा, मी खिडकीतून बघीन, हिरवी ओढणी बाहेर धरीन. एवढंच मागते. मी त्याच दिवशी उलटटपाली लिहिलं, उभा राहतो चाची.

लिहून टाकलं आणि मग बघायला गेलो. कुठला दगड आणि कुठलं काय. वाळू सपाट, दगड सारखे, दोन वर्षांत नवीन रांगा झालेल्या, भिंत पण पुढे सरकवलेली. इकडून पावलं मोजली, तिकडून मोजली, दर वेळी वेगळ्याच जागी जाऊन उभा. मग मशीनशिवाय इलाज नाय.

इंजिनियर मिसरी होता, म्हणजे इजिप्तचा, माणूस वाईट नाय, बोलला मशीन नेऊ देतो, पण बलदियाचा कागद आण. बलदिया म्हणजे तिथली नगरपालिका. तिथे गेलो तर बोलले पोलिसांचा कागद आण. पोलीस बोलले, कबरस्तानात मशीन कशाला, सोनं शोधतोस काय. मी बोललो सोनं नाय साहेब, माझा माणूस आहे. बोलले, नातं काय? मी बोललो गाववाला. आता गाववाला हे त्यांच्या फॉर्मात नाय. भाऊ आहेस? नाय. बाप? नाय. मग बुकरा, म्हणजे उद्या ये. उद्या गेलो की परत बुकरा. इकडे जहाज मुंबईहून सुटलं, जेद्दाला लागलं, हज झाला, चाचीच्या भावाने मदिनेच्या बसचा दिवस कळवला, आणि मी आपला दुपारच्या सुट्टीत टोपी हातात घेऊन या दारातून त्या दारात.

बलदियात एक म्हातारा कारकून होता. तो एक दिवस मला बसवून, चहा देऊन बोलला, माझा बाप पण तिथेच आहे, मला पण ठाऊक नाय नक्की कुठे. माती अल्लाची, तू कशाला शोधतोस? मी बोललो, मी नाय शोधत बाबा, त्याची आईस खिडकीतून बघणार आहे. त्याने माझे कागद उचलले. मग आत गेला.

कागद मिळाला तो चाचीची बस निघायची त्याच दिवशी, दुपारी. अर्धा तास. बरोबर पोलीस. खणायचं नाय, माती उकरायची नाय, नुसतं ऐकायचं. मी पांढरा सदरा घालून गेलो, हेडफोन लावला, बिस्मिल्ला केली आणि पहिल्याच रांगेत शिट्टी वाजली. मला वाटलं, सापडला माझा लतीफ. डोळ्याला पाणी आलं हो. तरी खात्री करावी म्हणून बाजूला थाळी धरली, तिथे पण शिट्टी. त्याच्या बाजूला पण. मागच्या रांगेत, पुढच्या रांगेत, दोन सोडून तिसऱ्याच्या उशाशी लोखंड वाजतंय. काय सांगू तुम्हाला ताई, मी हेडफोन काढून हातात घेतला. ते सगळे कामगारांच्या कॅम्पातलेच ना, कोण पाकिस्तानचा, कोण बंगालचा, कोण यमनचा. प्रत्येकाबरोबर माझ्यासारखा एक होता, प्रत्येकाने बाहीतून काहीतरी आणलेलं, कोणी चावी, कोणी बोल्ट, कोणी पट्ट्याचं बक्कल असेल. मला वाटत होतं मी एकटाच. मशीन बोलतं खाली लोखंड आहे, कोणाचं ते बोलत नाय. आणि उकरून बघायचं तर कायदा सोडा, माझा हातच झाला नसता.

पोलीस बोलला, खलास, यल्ला, म्हणजे संपलं, चल. मी बोललो भाई, पाच मिनिटं. तेवढ्यात लांबून बसा दिसल्या, एकामागून एक, आणि तिसरीच्या खिडकीतून हिरवी ओढणी. आता मी काय करू? कुठे उभा राहू? जवळ जी होती, जिथे शिट्टी जोरात वाजलेली, तिच्या उशाशी जाऊन मी सरळ उभा राहिलो आणि हात वर केला. ओढणी पण वर झाली. बस गेली. मी तसाच उभा, पोलिसाने खांद्याला धरून हलवला तेव्हा हात खाली आला.

सुट्टीवर गावी गेलो तर चाचीने दोन्ही हात धरले, बोलली, दिसलास रे, पांढरा सदरा, स्वच्छ दिसलास, माझ्याकडची सगळी दुवा मी तिथे टाकली, आता मला घोर नाय. मी मान हलवली. ती पुढे पुष्कळ वर्षं जगली आणि शांतपणे गेली. तिची कबर आमच्या गावच्या कबरस्तानात आहे, दगडावर नाव आहे, मी दर शुक्रवारी जातो. आता मला ऐकायला कमी येतं, पण ती शिट्टी येते.

तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय. लतीफ तिथेच कुठेतरी असेल, चार हातांवर, नायतर दहा. पण ज्याच्या उशाशी मी उभा राहिलो तो पण कोणाचा तरी लतीफच ना, त्याची आईस कुठे लाहोरला, कुठे ढाक्याला दाराशी बसलेली असेल, तिला कोणी बस दिली नाय, खिडकी दिली नाय. तिच्या पोराला आमच्या चाचीची दुवा पोचली. आमच्या लतीफला पण अशी कोणाची तरी पोचली असेल, दुसरं काय बोलू मी. अल्ला सगळ्या आयांची नजर नीट जागी पोचवो, ताई. मला नाय जमलं.